श्रमदान त्यांचे, पाणी यांचे

पाणलोटाच्या श्रमदानाचे फोटो आता मला पाठ झाले आहेत. फेटा बांधलेले साहेब कुदळीचे दोन घाव घालतात, टाळ्या पडतात, गाड्या निघून जातात. उरलेला चर दिवसभर खणणाऱ्यांत भूमिहीन मजूरही असतात. पावसाळा सरल्यावर पाणी वाढते ते विहिरीत, आणि विहीर असते सातबारा ज्याच्या नावावर आहे त्याची. फुकट खणणाऱ्याच्या नावावर वावरच नसेल, तर वाढलेल्या भूजलाची त्याने काय पूजा करायची? बागायत वाढली की तुलाही मजुरी मिळेल, असे त्याला सांगतात. म्हणजे आधी फुकट राब, मग त्याच बांधावर रोजाने राब. शासन आणि समाजाच्या सहकार्याचा नमुना म्हणून अशा गावांचे सत्कार होतात.

वर्गणीची तऱ्हा निराळी नाही. 2019 मध्ये खेड्यात घरोघरी नळ देणारे जलजीवन मिशन आले. त्यात गावांतर्गत कामांच्या भांडवली खर्चाचा काही वाटा गावाने उचलायचा. डोंगरी, वनव्याप्त आणि अनुसूचित जाती-जमातींची लोकसंख्या निम्म्याहून जास्त असलेल्या गावांत 5 टक्के, बाकीच्या गावांत 10. रोख नसेल तर वस्तू द्या, तेही नसेल तर अंगमेहनत द्या. केवढी उदार सोय! पुण्यामुंबईच्या सोसायटीत नळ पोचवताना एखाद्या फ्लॅटधारकाच्या हाती फावडे दिल्याचे कुणी ऐकले आहे का? आपलेपणाची भावना म्हणे लोकांत रुजवावी लागते. ती फक्त खेड्यातच का रुजवावी लागते, हे कुणी सांगत नाही.

सहकार्याचे मला वावडे नाही. ते कसे करायचे हे याच महाराष्ट्राने दाखवून दिले आहे, म्हणून तर संताप येतो. 1972 च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे नावाचे पुण्याचे उद्योजक पुरंदर तालुक्यातल्या नायगावात देवस्थानची माळरान जमीन घेऊन बसले. तिथून पाणी पंचायत उभी राहिली. उपसा योजनेचा खर्च वाटून घ्यायची रीत अशी होती: निम्मा सरकारी अनुदानातून, 20 टक्के लाभधारकांचा, उरलेला संस्थेच्या बिनव्याजी कर्जातून. पण खरी करामत पैशात नव्हती, वाटपात होती. पाणी जमिनीच्या हिशेबाने द्यायचे नाही, घरातल्या माणसांच्या हिशेबाने द्यायचे. माणशी अर्धा एकर भिजेल एवढे, आणि कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकरांचे. मग बाकीची शंभर एकर कोरडी राहिली तरी चालेल. ऊस लावायचा नाही. जमीन विकली तर पाण्याचा हक्क तिच्यासोबत जात नाही. आणि भूमिहीनालाही पाण्यात वाटा. गटाने नेमलेला पाटकरी पाळीप्रमाणे पाणी सोडणार, दांडग्याच्या हाकेवर नाही.

हे सगळे पहिली मोटार सुरू होण्याआधी ठरायचे. बऱ्याच योजना पुढे बंद पडल्या, विजेने आणि भांडणांनी त्यांचा जीव घेतला, हे खरे. पण सांगलीकडे येरळा नदीची वाळू विकून लोकांनी बळीराजा धरण बांधले, तिथेही भूमिहीन कुटुंबांच्या वाट्याचा आग्रह होताच. आटपाडीत समन्यायी वाटपासाठी लोक वर्षानुवर्षे परिषदा भरवत राहिले. तेव्हा हे एका साळुंख्यांचे वेड होते, असे म्हणून सुटता येणार नाही.

शासनाने यातून काय उचलले? 2005 मध्ये सिंचन व्यवस्थापनात शेतकऱ्यांच्या सहभागाचा कायदा झाला. पाणीवापर संस्था आल्या, निवडणुका आल्या, पाणीपट्टी वसुलीची जबाबदारी आली. सभासद कोण? लाभक्षेत्रात जमीन धारण करणारा. झाले! पाणी पंचायतीचा सांगाडा घेतला आणि भूमिहीनाला अलगद बाहेर ठेवले. उसाला हात लावायची छाती तर कोणत्याच सरकारची नाही. कारखान्याचा चेअरमन आणि सिंचनाच्या बैठकीतला पाहुणा बऱ्याचदा एकच असतो.

हे बोलले की गावचे पुढारी म्हणतात, गावात फूट पाडू नका. ही एकी फार जुनी आहे. 1923 मध्ये सी. के. बोले यांचा सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा ठराव मुंबई विधिमंडळात मंजूर झाला. 1924 मध्ये महाड नगरपालिकेने चवदार तळे कागदावर खुले केले. सरकार राजी, नगरपालिका राजी, सहकार्याला आणखी काय हवे? 20 मार्च 1927 ला बाबासाहेब आंबेडकर लोकांना घेऊन तळ्यावर गेले तेव्हा एकी लाठ्या घेऊन बाहेर आली. पुढे नगरपालिकेने स्वतःचाच ठराव मागे घेतला, आणि हक्क मिळायला 1937 मध्ये उच्च न्यायालयाचा निकाल लागला.

तेव्हा साहेब, पुढच्या वेळी वर्गणीची पावती फाडण्याआधी चावडीवर वाटपाची यादी लावा. माणशी किती पाणी, भूमिहीनाला किती, उसाला किती, आणि पाळी मोडणाऱ्याला दंड किती, ते नावानिशी लिहा. यादीवर ग्रामसभेची सही झाली की कुदळ मागायला वस्तीवर या.