भूल आणि झोप

दिवाळीत अनारसे खाताना त्यावरच्या खसखशीची चौकशी सहसा कोणी करीत नाही. ही खसखस म्हणजे अफूच्या झाडाचे बी. बोंड हिरवे असताना त्याला चिरा पाडल्या की चीक पाझरतो. तो वाळला की अफू. बोंड वाळल्यावर आत जे दाणे खुळखुळतात ती खसखस. दाण्यांत अफूचा अंश नावापुरताच, तेव्हा गृहिणींनी निर्धास्त असावे. चार अनारशांनंतर जी सुस्ती येते तिचा दोष तुपाकडे जातो.

या चिकातले मुख्य द्रव्य एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी सर्ट्यूर्नर नावाच्या जर्मन औषधविक्याने वेगळे काढले आणि ग्रीकांच्या स्वप्नदेवतेवरून त्याचे बारसे केले. तेच मॉर्फिन. नावातच झोप आली आणि तेव्हापासून वेदना घालवणारे औषध म्हणजे झोपेचे औषध, अशी जी समजूत बसली ती आजही हलत नाही. मुंबईच्या गिरणगावात पूर्वी कामावर जाणाऱ्या आया तान्ह्या मुलांना अफू घातलेली 'बाळागोळी' देत. मूल निजे, पण ती नीज होती काय, हा प्रश्न आहे.

मी शब्दांचा मास्तर. औषधांतले मला काय कळणार? पण माझा एक जुना विद्यार्थी आज भूलतज्ज्ञ आहे. तो मध्यंतरी भेटला तेव्हा मी सहज म्हणालो, "म्हणजे लोकांना झोपवण्याचा धंदा तुझा!" तो हसला नाही. म्हणाला, "सर, झोपवत असतो तर माझी गरजच पडली नसती."

मग त्याने जे सांगितले ते मला तरी नवीन होते. झोपलेला माणूस पुरता गैरहजर नसतो. मच्छर चावला की कूस बदलतो, हाक मारली की उठतो, घशात लाळ उतरली तर गिळतो. रात्रभर झोपेचे फेरे चालतात, सुमारे दीड तासाला एक. त्यांत गाढ झोप येते, स्वप्ने येतात. भुलेत हे काही नाही. मेंदूचे आलेख काढले तर खोल भूल झोपेपेक्षा बेशुद्धीच्या जवळची दिसते. गिळणे नाही, खोकणे नाही. म्हणून तर आदल्या रात्रीपासून उपाशी ठेवतात. पोटातले वर येऊन फुप्फुसात उतरले तर तो माणूस ठसकणारसुद्धा नाही. शिवाय मोठ्या शस्त्रक्रियेत स्नायू सैल करणारे औषध देतात, त्याने श्वासाचे स्नायूही थांबतात. तेवढा वेळ भूलतज्ज्ञच रोग्याच्या वतीने श्वास घेत असतो.

हे ऐकल्यावर आमची मायमराठी मला एकदम शहाणी वाटू लागली. 1846 च्या 16 ऑक्टोबरला बोस्टनमध्ये मॉर्टनने ईथर हुंगवून दाखवले, पुढल्या वर्षी एडिंबरोत सिम्पसनने क्लोरोफॉर्म आणला. हे नवल आपल्याकडे आले तेव्हा ज्या कोणी त्याला 'भूल' म्हटले त्याने झोप हा शब्द टाळला. भूल पडलेला माणूस वाट चुकतो. त्याला कोणीतरी परत आणावे लागते.

आणि परत आणायचे तर नजर कशावर ठेवायची? हा वाद एकदा हैदराबादेत रंगला. तेथील सर्जन लॉरी यांचे म्हणणे होते की क्लोरोफॉर्म देताना नाडी धरून बसू नका, श्वास पाहा. निजाम सरकारच्या पैशाने 1888 आणि 1889 साली दोन समित्या बसल्या, जनावरांवर प्रयोग झाले, निष्कर्ष लॉरीसाहेबांच्या बाजूने लागला. पुढे कळले की क्लोरोफॉर्मने हृदयही अवचित थांबू शकते. म्हणजे साहेब निम्मेच बरोबर होते. पण श्वास पाहा, हा त्यांचा निम्मा भाग आजही खरा आहे.

मॉर्फिनच्या बाबतीत तर विशेषच. आपण श्वास घेतो तो रक्तात साठणाऱ्या कार्बन डायऑक्साइडच्या तगाद्यामुळे. मॉर्फिन मेंदूला त्या तगाद्याकडे कानाडोळा करायला लावते. मात्रा जास्त झाली तर श्वास मंदावतो आणि गुदमरल्याची जाणीवही होत नाही. घरचे म्हणतात, "किती छान घोरताहेत!" करोनापासून घरोघर असलेले बोटाचे यंत्रही येथे फसवू शकते, नळीने प्राणवायू चालू असेल तर त्यावरचा आकडा बराच वेळ चांगलाच दिसतो. त्यापेक्षा घड्याळ लावून श्वास मोजावेत. मोठ्या माणसाचे मिनिटाला बारा ते वीस असतात. आठाच्या आसपास आले, बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झाल्या आणि हलवूनही माणूस उठेना, तर डॉक्टरांना तात्काळ बोलवावे. यावर उतारा आहे, नॅलोक्सोन नावाचा, आणि तो मिनिटा-दोन मिनिटांत गुण देतो. झोपेची गोळी किंवा मद्य यांची जोड मिळाली तर धोका वाढतो. शस्त्रक्रियेआधी 'मी घोरतो' हेही डॉक्टरांना न लाजता सांगावे. आमच्याकडे ते सौभाग्यवती सांगतात.

आता हे वाचून कोणी मॉर्फिनला घाबरून बसेल तर तो दुसरा अनर्थ. माझ्या आत्याला कर्करोग झाला, हाडांत उतरला. डॉक्टरांनी मॉर्फिनच्या गोळ्या लिहून दिल्या तर आतेभाऊ त्या कपाटात ठेवून बसला. "व्यसन लागेल, दादा. आणि झोपेतच गेली तर?" आत्या रात्र रात्र कण्हत होती. नीमच-मंदसोरकडे सरकारी परवान्याने अफू पिकते. पण 1985 च्या कायद्याने औषधी मॉर्फिनभोवती परवान्यांचे असे कुंपण पडले की दवाखान्यांनी ते ठेवणेच सोडले. 2014 साली कायदा सैल झाला. घराघरांतली भीती मात्र कोणत्या दुरुस्तीने जायची?

मी त्या विद्यार्थ्याला फोन लावून भावाच्या हातात दिला. थोड्यापासून चढवलेली, वेळेवर दिलेली मात्रा श्वासावर सहसा घाला घालत नाही, बद्धकोष्ठाचे औषध मात्र जोडीला हवेच, असे त्याने समजावले. दोन दिवसांनी आत्या म्हणाली, "दुखतंय रे, पण आता ते पलीकडच्या खोलीत दुखतंय." भाऊ पहिल्या दोन रात्री उशाशी घड्याळ घेऊन श्वास मोजत बसला. चौदा, पंधरा, चौदा. तिसऱ्या रात्री मोजता मोजता त्याचाच डोळा लागला. पहाटे आत्यानेच त्याला हाक मारून उठवले. तिला चहा हवा होता.