खालच्या अंगाला जाऊन या

कारखाने पर्यावरणाला किती सांभाळून चालतात हे तपासणे हा ज्यांचा व्यवसाय, त्यांचा प्रवास पुष्कळ होतो. पण वाट ठरलेली असते. विमानतळ, हॉटेल, कारखान्याचे फाटक, थंडगार खोलीतले सादरीकरण, डोक्यावर टोपी चढवून एक फेरी, जेवण आणि परत. आत वीज किती आली, जळण किती आले, पाणी किती आले याची काटेकोर नोंद होते. बाहेर पडणाऱ्या पाण्यालाही अहवालात एक रकाना असतो. ते पाणी ज्या गावच्या विहिरीत उतरते, त्या गावाला मात्र रकाना नसतो. मी याच व्यवसायातला. कामानिमित्त तमिळनाडूत तिरुपूरला गेलो, तेव्हा कारखान्यांची फेरी आटोपल्यावर गाडी नोय्यल नदीच्या खालच्या अंगाला, ओरत्तुपाळयमच्या धरणाकडे न्यायला सांगितली. आमच्या मंडळींच्या दौऱ्यात ते ठिकाण सहसा नसते. ते असायलाच हवे, एवढे सांगण्यासाठी हे स्फुट.

तिरुपूर म्हणजे देशाचे बनियनचे गाव. आता बनियनबरोबर जगभरच्या दुकानांतले टी-शर्ट, लहान मुलांचे कपडे, झोपायचे कपडे इथून जातात. वर्षाची निर्यात 40 हजार कोटी रुपयांच्या घरात आहे. एकाच छपराखाली सगळे करणारे थोडे. कोणी फक्त विणतो, कोणी फक्त रंगवतो, कोणी छापतो, कोणी शिवतो. एक टी-शर्ट चारसहा मालकांच्या हातांखालून जातो. शिवणारी माणसे बिहार, ओडिशा, झारखंडातून आलेली, त्यामुळे भिंतीवरच्या सूचना तमिळबरोबर हिंदीतही. रंगवणारे बहुतेक जॉबवर्कवाले. कापड दुसऱ्याचे, रंगाची छटा तिसऱ्याने ठरवलेली, दर किलोमागे बांधलेला.

सारी गोम या रंगाईत आहे. सुती धागा पाण्यात बुडाला की त्यावर ऋण भार येतो आणि त्यावर बसवायच्या रिॲक्टिव्ह रंगावरही ऋण भारच असतो. दोघे एकमेकांना दूर लोटतात. त्यांची सोयरीक जुळवायला मीठ लागते, गडद छटेला लिटरमागे 50 ते 80 ग्रॅम. म्हणजे एक किलो काळ्या किंवा गडद निळ्या कापडामागे अर्ध्या किलोच्या आसपास मीठ पडते. काम झाले की ते कापडावर राहत नाही, पाण्याबरोबर निघून जाते. सांडपाण्यातली बरीच घाण जिवाणूंकडून खाववून घेता येते. मीठ खाणारा जिवाणू नाही. म्हणून साध्या प्रक्रिया केंद्रातून बाहेर आलेले पाणी डोळ्यांना निवळलेले दिसले, तरी जमिनीला ते खारेच असते.

वेल्लियंगिरीच्या डोंगरात उगम पावणारी नोय्यल कोईमतूर आणि तिरुपूर या दोन्ही शहरांतून वाहत पुढे कावेरीला मिळते. तिरुपूरच्या खाली 1992 मध्ये ओरत्तुपाळयमचे धरण झाले, ते शेतीला पाणी देण्यासाठी. त्याच काळात तिरुपूरची निर्यात झपाट्याने वाढत होती. काही वर्षांतच धरणात साठू लागले ते वरच्या रंगाईघरांचे खारे पाणी. विहिरी बिघडल्या, माड वाळले. धरणाचे पाणी सोडा म्हणून भांडणारे शेतकरी आपण सर्वत्र पाहतो. इथे पाणी सोडू नका म्हणून भांडावे लागले.

पुढचा इतिहास आमच्या क्षेत्रात शिरू पाहणाऱ्या प्रत्येकाला शिकवावा असा आहे. नुकसानीची मोजदाद करणाऱ्या प्राधिकरणाने 2004 मध्ये सुमारे 28 हजार शेतकऱ्यांसाठी 25 कोटींच्या आसपास भरपाई ठरवली. भागाकार केला तर माणशी नऊ हजार रुपयेही होत नाहीत. नोय्यलच्या लाभक्षेत्रातल्या शेतकऱ्यांची संघटना त्याआधीच मद्रास उच्च न्यायालयात गेली होती. डिसेंबर 2006 मध्ये न्यायालयाने रंगाईघरांना सांगितले की सांडपाण्याचा थेंबही बाहेर पडता कामा नये. ते साधेपर्यंत लिटरमागे 6 पैसे, मग 8, मग 10 पैसे दंड भरा. 2009 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने उद्योगाचे अपील ऐकून आणखी थोडी मुदत दिली, तत्त्व मात्र सोडले नाही. मुदत टळली. 28 जानेवारी 2011 रोजी उच्च न्यायालयाने सातशेंहून अधिक रंगाईघरे आणि त्यांची सामायिक प्रक्रिया केंद्रे बंद करण्याचा आदेश दिला.

आज तिरुपूरला गेलात तर पाहुण्यांना हौसेने दाखवतात ती हीच केंद्रे, सुधारून पुन्हा सुरू झालेली. पाणी आधी जिवाणूंच्या टाक्यांतून जाते, मग दाबाने पडद्यांतून गाळले जाते, उरलेला खारा अर्क बाष्पीभवन यंत्रात आटवला जातो. 90 टक्क्यांहून अधिक पाणी फिरून रंगाईला येते आणि मिठाचाही मोठा भाग पुन्हा वापरता येतो. इतक्या मोठ्या प्रमाणावर असे करणारी कापडनगरी जगात विरळा, असा दावा करतात आणि तो खोटा नाही. सादरीकरणात या साऱ्याला ‘आमची हरित बांधिलकी’ म्हणतात. स्लाइडवर धरणाचा फोटो नसतो. शेतकऱ्यांच्या संघटनेचे नावही नसते.

हे नाव गाळण्याला माझी हरकत आहे. परदेशी ब्रँडांच्या आचारसंहिता त्या काळीही होत्या, तपासनीसही येऊन जात होते आणि तरी नदी खारी होत राहिली. तिरुपूर सुधारले ते खालच्या अंगाच्या माणसाच्या हातात वरच्या अंगाचा नळ बंद करवण्याची ताकद आली म्हणून. ती ताकद त्याला आमच्या एकाही अहवालाने दिली नव्हती. याचिका, वकील, तारखा आणि निकाल या जुन्याच रस्त्याने ती आली. ‘शाश्वत उद्योग’ नावाने जो सल्लागारी व्यवसाय आज भरभराटीला आला आहे, त्याने या श्रेयावर हक्क सांगू नये.

या सुधारणेची किंमत कोणी मोजली, हेही पाहायला हवे. राज्य सरकारने बिनव्याजी कर्ज दिले, बाकी बराचसा भार रंगाईवाल्यांनी उचलला. छोटे पुष्कळ बुडाले. काही काम आसपासच्या जिल्ह्यांत, जिथे कोणी विचारत नव्हते तिथे सरकले. टी-शर्ट विकत घेणाऱ्या ब्रँडने काय दिले? त्याच्या दरपत्रकात सूत, विणाई, रंगाई, शिलाई, बटण, लेबल, खोके असे सगळे वेगवेगळे लिहिलेले असते. पाणी शुद्ध करण्याचा खर्च असा कुठे दिसत नाही. तो रंगाईवाल्याने आपल्या किलोच्या दरात मुरवायचा असतो आणि तो दर बांगलादेशच्या दराशी काही सेंटांच्या फरकावर तुटतो. मात्र ब्रँडच्या वार्षिक अहवालात ‘आमच्या पुरवठादारांनी वाचवलेले पाणी’ ठळक अक्षरांत येते. प्रदूषण करणाऱ्यानेच भरावे, हे तत्त्व न्यायालयाने लावले ते योग्यच. साखळीत त्याचा भार पडला तो सर्वांत दुबळ्या प्रदूषकावर. ज्याने काळी छटा मागितली तो मोकळा राहिला.

आणि गोष्ट इथे संपतही नाही. आटवलेल्या अर्कातून वापरण्याजोगे मीठ काढून घेतल्यावर शेवटी एक मिश्र मीठ उरते. त्याला गिऱ्हाईक नाही. ते पोत्यांत भरून केंद्राच्या आवारात छपराखाली थप्पी लावून ठेवलेले असते. नदीत जाणारे मीठ आता पोत्यात आहे ही सुधारणा मोठी आहे. पण ते कुठे तरी जायचे आहेच. शिवाय पाणी आटवायला वाफ लागते, वाफेला बॉयलर आणि बॉयलरला लाकूड वा कोळसा. पाण्याचा रकाना हिरवा झाला की कार्बनचा रकाना लाल होऊ लागतो. मग वर्षभराने तोच ब्रँड रंगाईवाल्याला विचारतो की तुमचे उत्सर्जन का वाढले. नदीत शहरांचे मैलापाणी येतच असते, ते वेगळे. कमी मिठात बसणारे रंग आहेत, कमी पाण्यात रंगवणारी यंत्रे आहेत, ती काही ठिकाणी पाहिलीही. पण ती घ्यायला भांडवल लागते आणि पुढच्या हंगामाची ऑर्डर हातात नसलेला माणूस दहा वर्षांचे यंत्र घेत नाही.

महाराष्ट्राने हे तमिळनाडूचे प्रकरण म्हणून वाचू नये. इचलकरंजीची कापड रंगवणारी प्रोसेस हाऊसेस, कोल्हापूरचे मैलापाणी आणि काठचे साखर कारखाने यांचा हिशेब पंचगंगेच्या पाण्यात एकत्र होतो आणि तो खाली शिरोळ तालुक्यात वसूल होतो. तेरवाडच्या बंधाऱ्यावर मेलेल्या माशांचा खच आणि जलपर्णी यांच्या बातम्या इतक्या नेमाने येतात की त्या ऋतुमानाच्या बातम्या वाटाव्यात. 2012 मध्ये खुद्द इचलकरंजीत पाण्यातून कावीळ पसरली आणि माणसे दगावली. जनहित याचिका इथेही झाल्या, समित्या नेमल्या गेल्या. तिरुपूरइतकी धारदार वेळ मात्र आली नाही. एक फरक असाही आहे की इचलकरंजीचा बराचसा माल देशातल्या देशात खपतो. ज्याला परदेशी ब्रँडचा तपासनीस म्हणतात, तो इथल्या प्रोसेसवाल्याकडे फारसा फिरकतच नाही. म्हणजे खालच्या अंगाच्या माणसाचा आवाज अहवालात यायचा तर तो अहवालही आधी असायला हवा.

अहवालांची हवाही सध्या उलट दिशेने वाहते आहे. सेबीने पहिल्या हजार सूचीबद्ध कंपन्यांना पर्यावरण आणि सामाजिक जबाबदारीचा अहवाल 2022-23 पासून सक्तीचा केला, हे पाऊल चांगले होते. पण पुरवठादारांच्या साखळीची माहिती 2025 मध्ये ऐच्छिक झाली. युरोपीय संघाने 2024 मध्ये साखळीवर लक्ष ठेवण्याचा कायदा केला आणि दुसऱ्याच वर्षी त्याची तारीख पुढे ढकलली. उद्योगांवर कागदांचे ओझे फार होते, हे कारण दोन्हीकडे दिले गेले. ते अर्धे खरे आहे; ते कागद भरून घेण्यातच आमची रोजीरोटी असल्याने मला ते चांगले ठाऊक आहे. पण ओझे कमी करताना नेमका तोच भाग उतरवला गेला, जो फाटकाबाहेर पाहायला लावत होता. फाटकाच्या आतले आकडे कंपनी तशीही ठेवतेच. तिला वीजबिल भरायचे असते.

म्हणून मागणी दोनच गोष्टींची आहे. पहिली, रंगाई असो, कातडे असो की साखर, कोणत्याही कारखान्याचे पर्यावरण-लेखापरीक्षण खालच्या अंगाच्या पहिल्या गावात जाऊन आल्याशिवाय पुरे धरू नये. तिथल्या दोनचार विहिरींची क्षारता मोजावी, शेतकऱ्याला आणि ग्रामपंचायतीला विचारावे, आणि ते उत्तर जसेच्या तसे अहवालात छापावे. क्षारता मोजायचे यंत्र काही शे रुपयांत मिळते. त्याला सल्लागार लागत नाही. दुसरी, पाणी शुद्ध करण्याचा खर्च खरेदीदाराच्या दरपत्रकात बटण आणि लेबलाच्या ओळीत वेगळा दाखवावा आणि त्यावर घासाघीस होऊ नये. ज्या ब्रँडला ही ओळ मान्य नाही, त्याने आपल्या अहवालात वाचवलेल्या पाण्याचा आकडा छापू नये.

यातली पहिली गोष्ट तर कायद्याची वाट न पाहता उद्या सकाळी करता येईल. जेवणाचा तास कमी करा, ड्रायव्हरला नदीच्या काठाने खाली न्यायला सांगा. तुमच्या यजमानाचा चेहरा त्या क्षणी कसा होतो, एवढ्यावरूनही लेखापरीक्षणाची निम्मी उत्तरे मिळतील.