अकराव्या वर्षीचे गुण सोळाव्या वर्षीचा निकाल सांगू शकतात का? इंग्लंडमध्ये नेमकं काय घडतंय?

इंग्लंडमध्ये प्राथमिक शाळा संपताना, साधारण अकराव्या वर्षी, प्रत्येक सरकारी शाळेतलं मूल एक परीक्षा देतं. वाचन, व्याकरण-शुद्धलेखन आणि गणित. तिकडे या परीक्षेला 'सॅट्स' म्हणतात (कॉलेज प्रवेशासाठीची अमेरिकेतली 'सॅट' वेगळी). पाच वर्षांनी तेच मूल 'जीसीएसई' देतं, म्हणजे ढोबळमानाने आपली दहावी.

या दोन परीक्षांना जोडणारा एक आकडा २०१६ पासून तिथल्या माध्यमिक शाळांची पत ठरवतो. त्याचं नाव 'प्रोग्रेस ८'. पण २०२५ आणि २०२६ या दोन वर्षांसाठी तो काढताच येत नाही. कारण कोरोनामुळे २०२० आणि २०२१ मध्ये सॅट्स झाल्याच नाहीत. त्या वर्षीच्या मुलांचे अकराव्या वर्षीचे गुणच नाहीत, तर तुलना कशाशी करणार?

हा प्रोग्रेस ८ चालतो कसा?

सॅट्सचे गुण ८० ते १२० या पट्टीवर मिळतात आणि १०० म्हणजे अपेक्षित पातळी. समजा, एका मुलीला १०४ मिळाले. देशभरात साधारण तेवढेच गुण मिळवणाऱ्या मुलांनी जीसीएसईला सरासरी किती मिळवले, ते पाहिलं जातं. तिने त्यापेक्षा जास्त मिळवले तर फरक अधिक, कमी मिळवले तर उणे. शाळेतल्या सगळ्या मुलांच्या अशा फरकांची सरासरी म्हणजे शाळेचा प्रोग्रेस ८.

कल्पना वाईट नाही. आधीच हुशार मुलं घेऊन चांगला निकाल लावणं सोपं असतं. मागे असलेल्या मुलांना पुढे नेणाऱ्या शाळेचं श्रेय यात दिसतं.

अंदाज कितपत खरा ठरतो?

गटासाठी बऱ्यापैकी. एकेका मुलासाठी मात्र नाही.

हे गणितानेच समजून घेऊ. दोन परीक्षांच्या गुणांमधलं नातं उणे १ ते १ अशा आकड्यात मोजतात. समजा, तो आकडा ०.७ आला. शिक्षणाच्या क्षेत्रात हे नातं घट्ट मानलं जातं. पण मुलामुलांच्या निकालात जो फरक दिसतो, त्यातला किती भाग जुन्या गुणांवरून कळतो हे पाहायचं तर ०.७ चा वर्ग करावा लागतो. उत्तर येतं ०.४९. म्हणजे नातं इतकं घट्ट असूनही निम्म्याहून जास्त फरक जुन्या गुणांवरून कळत नाही.

शिवाय अकराव्या वर्षीच्या गुणांमध्ये बाकीच्या गोष्टीही मिसळलेल्या असतात. इंग्लंडमध्ये शाळेसाठी वयाची रेषा १ सप्टेंबर आहे. त्यामुळे ऑगस्टमध्ये जन्मलेलं मूल सप्टेंबरमध्ये जन्मलेल्या वर्गमित्रापेक्षा जवळपास एक वर्षाने लहान असतं. अशा लहान मुलांचे गुण सरासरीने कमी असतात आणि वय वाढतं तशी ही दरी कमी होत जाते. परीक्षेच्या दिवशीची तब्येत, घरची परिस्थिती, शाळेने करून घेतलेली घोकंपट्टी हे सगळंही त्यात येतंच.

मग धोका कुठे आहे?

शाळेला मोजण्यासाठी काढलेला आकडा मुलाला चिकटतो, तिथे. अनेक माध्यमिक शाळा सॅट्सच्या गुणांवरून प्रत्येक मुलाला 'टार्गेट ग्रेड' देतात. गणितात गुणांनुसार तुकड्या पाडतात. जीसीएसई गणिताचे दोन स्तर आहेत. वरच्या स्तरात ९ पर्यंत ग्रेड मिळू शकते. खालच्या, म्हणजे 'फाउंडेशन' स्तरात सगळं बरोबर आलं तरी जास्तीत जास्त ५.

अकराव्या वर्षी खालच्या तुकडीत गेलेल्या मुलाला पुढची काही वर्षं सोपा अभ्यास मिळतो, मग फाउंडेशनचा पेपर मिळतो. शेवटी अंदाज 'खरा' ठरतो. पण तो खरा होता की आपणच खरा करून दाखवला, हे निकालावरून कळत नाही.

२०२० मध्ये काय झालं होतं?

बारावीच्या समकक्ष 'ए-लेव्हल' परीक्षा रद्द झाल्या. शिक्षकांनी अंदाजे ग्रेड दिल्या. मग 'ऑफक्वाल' या नियामक संस्थेने शाळेचे मागचे निकाल आणि विद्यार्थ्यांची आधीची कामगिरी यांवर आधारित सूत्र लावलं. १३ ऑगस्टला निकाल लागला तेव्हा शिक्षकांनी दिलेल्या सुमारे ३९ टक्के ग्रेड खाली आल्या होत्या. देशपातळीवर आकडे नेहमीसारखेच दिसत होते. पण मागचे निकाल कमजोर असलेल्या शाळेतल्या हुशार मुलांचे विद्यापीठातले प्रवेश अडकले. विद्यार्थी रस्त्यावर उतरले आणि चारच दिवसांत, १७ ऑगस्टला, सरकारने सूत्र मागे घेऊन शिक्षकांच्या ग्रेड मान्य केल्या.

म्हणजे सरासरी जुळली, माणसं चुकली.

यातून काही शिकले का?

थोडंफार. सप्टेंबर २०२१ पासून इंग्लंडमध्ये चार वर्षांच्या मुलांचीही शाळेत आल्यावर पहिल्या सहा आठवड्यांत 'बेसलाइन' चाचणी होते. तिचा वापर २०२८ मध्ये, ही मुलं अकरा वर्षांची झाल्यावर, प्राथमिक शाळांची प्रगती मोजण्यासाठी होणार आहे. पण मुलाचे गुण ना पालकांना सांगितले जातात ना शिक्षकांना. आकडा शाळेसाठी आहे, मुलासाठी नाही, ही रेषा इथे आखलेली आहे. एवढ्या लहान मुलांची परीक्षा घ्यावीच का, यावर मात्र तिथे बराच वाद झाला.

आपला काय संबंध?

२०२१ मध्ये महाराष्ट्रात दहावीची परीक्षा रद्द झाली, तेव्हा १०० पैकी ५० गुण नववीच्या निकालावरून धरले होते. त्या वर्षीचा निकाल लागला ९९.९५ टक्के. म्हणजे जुन्या गुणांवर पुढचं ठरवण्याची वेळ आपल्यावरही आलेली आहे.

एरवीही चौथी-पाचवीच्या स्कॉलरशिपचा निकाल लागला की फ्लेक्स लागतात, 'अ' तुकडी आणि 'ड' तुकडी ठरते. त्या निकालाने एक उपयोगी गोष्ट नक्की कळते: आज कोणत्या मुलाला कशात मदत हवी आहे. पाच वर्षांनी ते मूल कुठे असेल, हे त्या मदतीवरही अवलंबून असतं. त्यामुळे शाळेने तुमच्या मुलाची तुकडी गुणांवरून ठरवली, तर एक प्रश्न जरूर विचारा: 'ही तुकडी पुन्हा कधी बदलते?'