मैदानावरचे बळ, घरातले बळ

१९६२ साली स्थापन झालेल्या शिवाजी विद्यापीठाचे क्रीडासंघ कोल्हापूर, सांगली व सातारा या तिन्ही जिल्ह्यांतील महाविद्यालयांतून घडतात. सांगलीचा भारोत्तोलक संकेत सरगर याच विद्यापीठाचा विद्यार्थी होता. २०२२ च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत त्याने एकूण २४८ किलो वजन उचलले; पुढील प्रयत्नात कोपर दुखावले, तरी तो पुन्हा वजनाला भिडला. सुवर्ण एका किलोने हुकले, रौप्य मिळाले. हे धाडस विशीतच शोभते! उतारवयातही स्नायूंना बळ हवेच, नाही तर साधे उठणेही परस्वाधीन होते. मात्र वेदना होताच थांबावे. भिंतीला टेकवलेल्या खुर्चीवरून सावकाश उठावे-बसावे. तोल जात असेल तर शुश्रूषा करणाऱ्याने शेजारी उभे राहावे, परंतु हात ओढून उठवू नये. खांद्याला इजा होऊ शकते.