मोजणी यंत्राची, निवाडा आपला



गुलाबी बोंडअळी कावेबाज आहे. ती कोवळ्या बोंडात शिरते, मागचे छिद्र बुजते आणि बोंड बाहेरून टवटवीत दिसते. वेचणीला जावे तेव्हा हाती किडकी कवडी येते. २०१७ साली वऱ्हाडाने हे भोगले. त्याच हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. फवारणी केव्हा करायची आणि केव्हा नाही, हा प्रश्न पैशाचा आहे, तसाच जिवाचाही आहे.

शास्त्राने याचे माप दिले आहे. हेक्टरी ५ कामगंध सापळे लावा. सलग ३ रात्री दर सापळ्यात ८ पतंग आले, तर फवारणीची वेळ आली. पण रोज सापळा उघडून, नेमका पतंग ओळखून मोजणार कोण? निंदणाच्या धांदलीत हे राहूनच जाते.

येथे यंत्र कामास येते. मुंबईच्या वाधवानी एआय संस्थेने ‘कॉटनएस’ हे ॲप तयार केले. सापळ्यातले पतंग कागदावर पसरून मोबाइलने फोटो घ्यायचा; ॲप ते ओळखून मोजते आणि सल्ला देते. केंद्र सरकारने ऑगस्ट २०२४ मध्ये सुरू केलेली राष्ट्रीय कीड निगराणी प्रणालीही फोटोवरून कीड ओळखते.

यात जादू नाही. तज्ज्ञांनी खुणा केलेले हजारो फोटो यंत्राला दाखवतात. पोरगा बापामागे फिरून पीक आणि तण वेगळे करायला शिकतो, तसे ते पाहून पाहून शिकते. म्हणून जे दाखवले तेवढेच त्याला कळते. कपाशीचे पतंग शिकलेल्या यंत्राला ज्वारीची खोडमाशी कळणार नाही. फोटो अंधुक असेल, पतंग एकमेकांवर पडले असतील, तर मोजणी चुकेल. आणि बोंडाच्या आत तर कोणताच फोटो पाहत नाही. ते काम आपल्याच हाताचे: २० हिरवी बोंडे तोडून चिरा, २ बोंडांत अळी निघाली, तर धोक्याची पातळी गाठली.

नव्या तंत्राला आपला विरोध नाही. मात्र तीन गोष्टी मागून घ्या. ॲपने नुसते ‘फवारा’ म्हणू नये, किती पतंग मोजले तो आकडा दाखवावा. सल्ला देणारा आणि औषध विकणारा एकच नसावा. आणि प्रत्येक मोजणीची गट क्रमांक व तारीख घातलेली नोंद शेतकऱ्याच्या हाती राहावी.

तिसरी मागणी सर्वांत मोलाची. २०१७ च्या नुकसानीबद्दल सरकारने कोरडवाहू कपाशीला हेक्टरी ३०,८०० रुपयांची घोषणा केली. त्यात १६,००० रुपये बियाणे कंपन्यांचा वाटा धरला होता. अशा वेळी पुराव्याशिवाय दावा उभा राहत नाही. पंचनामा होतो तोवर पराटी वाळलेली असते. तारीखवार नोंद मात्र बोलते. ती फक्त सरकारच्या किंवा कंपनीच्या दप्तरात राहिली, तर आपल्याच शेताची साक्ष आपल्याला परक्याकडे मागावी लागेल.

वरूड तालुका संत्र्याचा म्हणून ओळखला जातो. कोरडवाहू कपाशीवाल्याने आपली नोंद आपणच ठेवली पाहिजे. गावागावात पाच जणांनी मिळून सापळे लावावेत. महिनाभर हाताने मोजावे, ॲपनेही मोजावे, दोन्ही आकडे वहीत शेजारी-शेजारी लिहावेत. पुढल्या बैठकीला येताना ती वही घेऊन या.