घरखर्चाची वही : पेन्शनीतला दुसरा विमा

ऐन दिवाळीत इस्पितळाचा विषय काढणे काहींना अभद्र वाटेल. पण मुलगे, सुना, लेकी, जावई सारे एका चिवड्याच्या परातीभोवती जमतात ते याच चार दिवसांत. आईवडिलांच्या दुखण्याचा खर्च कसा भागवायचा, हे एरवी टेलिफोनवर बोलू जावे तर गोष्ट अर्ध्यावर राहते आणि भांडण मात्र पुरे होते. तेव्हा वाचकहो, करंजी हातात असू द्या आणि ऐका.

आमच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर एक निवृत्त मास्तर राहतात. सारा जन्म गणित शिकवण्यात गेला. नवराबायकोचा मिळून ५ लाखांचा मेडिक्लेम होता. तेवढ्याने हल्ली भागत नाही, म्हणून त्यांनी वर १५ लाखांचा टॉप-अप घेतला. गेल्या वर्षी वहिनींना दोनदा इस्पितळात ठेवावे लागले. आधी हृदयासाठी, आणि पुढे सहा महिन्यांनी खुब्याचे हाड मोडले म्हणून. पहिले बिल ४ लाखांचे, दुसरे साडेतीन लाखांचे. मूळ विम्याने पहिले सगळे दिले, दुसऱ्यातले १ लाख दिले आणि तो संपला. उरलेल्या अडीच लाखांसाठी टॉप-अपकडे कागद धाडले, तर उत्तर आले की, आम्ही काही देणे लागत नाही! मास्तर तणतणतच माझ्याकडे आले. "अहो, १५ लाखांचा विमा आणि त्यातून अडीच लाख मिळू नयेत? हा कुठला हिशेब?"

हिशेब बरोबर होता, हेच त्यातले दुःख.

या वरच्या विम्याला एक उंबरठा असतो. कागदावर त्याला डिडक्टिबल म्हणतात. मास्तरांचा उंबरठा ५ लाखांचा. त्याच्या आतला खर्च मूळ विम्यातून करा नाहीतर स्वतःच्या खिशातून करा, वरची कंपनी फक्त उंबरठ्यापलीकडचे देते. म्हणूनच तिचा हप्ता कमी असतो. बहुतेक बिले तिच्या दारापर्यंत पोहोचतच नाहीत. आता खुबी पाहा. साध्या टॉप-अपमध्ये प्रत्येक बिलाने हा उंबरठा स्वतंत्रपणे ओलांडावा लागतो. ४ लाख ५ च्या आत, साडेतीनही आत, मिळाले शून्य. सुपर टॉप-अपमध्ये वर्षभराच्या बिलांची बेरीज धरतात. साडेसातातून ५ वजा, अडीच लाख मिळाले असते. नावात एक शब्द कमी होता आणि मास्तरांना ठेव मोडावी लागली.

माझे मत विचाराल तर साठीनंतर साधा टॉप-अप घेऊच नये. म्हातारपणी माणूस एकदाच मोठा आजारी पडेल असे नसते. इस्पितळाच्या फेऱ्याच सुरू होतात.

नोकरीत असलेल्यांसाठी एक निराळी गोष्ट. कचेरीचा सामुदायिक विमा बहुधा निवृत्तीबरोबरच निवृत्त होतो. नव्या पॉलिसीत आधीपासूनच्या आजारांना ३ वर्षांपर्यंत थांबावे लागते. मग पंचावन्नाव्या वर्षीच सुपर टॉप-अप घेतला, तर अठ्ठावन्नला ही वाट पाहून झालेली असते. कचेरीचा विमा आहे, घाई काय, असे म्हणणारे पुष्कळ भेटतात.

हप्त्यांचेही सांगतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक व कौटुंबिक आरोग्यविम्यावरचा १८ टक्के जी.एस.टी. गेला, ३० हजारांच्या हप्त्यामागे ५,४०० रुपये सुटले. साठीपुढच्यांचा हप्ता वर्षाला १० टक्क्यांहून अधिक वाढवायचा तर आधी विमा नियामकाशी सल्लामसलत करावी, असा आदेश जानेवारी २०२५ मध्ये निघाला. ऐकायला बरे वाटते. पण दरसाल १० टक्क्यांनीच वाढत गेला तरी ३० हजारांचे आठ वर्षांत ६४ हजार होतात. पेन्शन काही त्या चालीने धावत नाही! ठरवताना आजचा हप्ता पाहू नका, ऐंशीव्या वर्षी तो भरता येईल का ते पाहा.

सत्तरी गाठलेल्यांनी आयुष्मानचे वय वंदना कार्डही काढून ठेवावे. २९ ऑक्टोबर २०२४ पासून त्यांना उत्पन्नाची अट न लावता वर्षाला ५ लाखांपर्यंतचे उपचार मिळतात, खाजगी विमा असला तरीही. दोघे सत्तरीपुढचे असले तर ५ लाख दोघांत मिळून, आणि इस्पितळ योजनेतले हवे.

खोलीच्या भाड्याचे कलम मात्र भिंग घेऊन वाचा. ५ लाखांच्या विम्यात भाडे एक टक्का, म्हणजे रोजचे ५ हजार, असे असताना १० हजारांची खोली घेतली, तर डॉक्टरांची फी आणि शस्त्रक्रियागृहाचे भाडे यांनाही निम्म्याने कात्री लागू शकते. औषधे व तपासण्या यांतून सुटतात. खिडकीतून झाड दिसावे म्हणून घेतलेली खोली अशी महागात पडते.

मास्तर आता सुपर टॉप-अप शोधू लागले. एप्रिल २०२४ पासून पासष्टीची अट उठली खरी, पण अट उठली म्हणून विमा द्यायलाच हवा असे नाही. दोन कंपन्यांनी नकार दिला. तिसरीचा एजंट म्हणाला, "मधुमेहाचे लिहू नका, हप्ता चढेल." मास्तरांनी मधुमेह लिहिला, रक्तदाब लिहिला, वहिनींचे हृदय आणि खुबा दोन्ही लिहिले. हप्ता चढला. पॉलिसी आली. हृदयाच्या दुखण्याला ती ३ वर्षांनंतर लागू होणार, हे कलम मास्तरांनी मोठ्याने वाचून दाखवले. वहिनी करंज्यांचे सारण ढवळत होत्या. म्हणाल्या, "बरं, तोवर मी थांबते हो!"