वीरपत्नींना 35 वर्षांची अट कशासाठी?

साताऱ्याच्या पोगरवाडीचे कर्नल संतोष महाडिक हे 21 पॅरा स्पेशल फोर्सेसचे कमांडो. पण 17 नोव्हेंबर 2015 रोजी कुपवाड्याच्या जंगलात दहशतवाद्यांशी लढताना ते शहीद झाले, तेव्हा ते 41 राष्ट्रीय रायफल्सचे कमांडिंग ऑफिसर होते. बटालियनचा प्रमुख असूनही शोधमोहिमेत ते स्वतः पुढे होते. वय 38. मरणोत्तर शौर्यचक्र मिळालं.

रील्स इथेच संपतात. खरं तर पुढचं जास्त सांगायला हवं. पत्नी स्वाती, दोन मुलांची आई, पेशाने शिक्षिका. त्या एसएसबी उत्तीर्ण झाल्या, चेन्नईत 11 महिने खडतर प्रशिक्षण घेतलं आणि सप्टेंबर 2017 मध्ये लेफ्टनंट झाल्या. त्यासाठी वयाची अट खास शिथिल करावी लागली.

वीरपत्नींसाठी ही मर्यादा 35 वर्षांची. आता हिशोब करा. अधिकारी कर्नल होईपर्यंत चाळिशी जवळ येते, पत्नीचंही वय त्याच्या आसपास असतं. म्हणजे सवलत आहे, पण अशा अनेकींच्या ती उपयोगाचीच नाही. धावणं, मुलाखत, प्रशिक्षण यात काहीही सूट नको. स्वाती यांनीही ते सगळं पार केलंच. फक्त वयाची सवलत दर वेळी दिल्लीतून मागून आणावी लागू नये, ती भरतीच्या नियमातच असावी.